रनिंग बॅकची सोडत

मला राग आला की माझ्या बोलण्यात दशांश चिन्हं यायला लागतात. आई म्हणते, बाकीच्या मुली रागावल्या की दार आपटतात, ही अपूर्णांक आपटते. तेव्हा या हकिकतीत आकडे फार आले तर वाचकांनी एवढंच समजावं की मी अजून शांत झालेले नाही. घटनेला आज तेवीस दिवस झाले.

राग सदानंदकाकांवर आहे. सदानंदकाका म्हणजे हिगाशी-कसाईतल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. जपानात एकोणीस वर्षं, एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, आणि स्वभावाने इतके सज्जन की त्यांच्यावर रागावणाऱ्यालाच लोक नावं ठेवतात. गेले तेवीस दिवस मला ठेवताहेत.

आमच्या मंडळाचा फ्लॅग फुटबॉलचा संघ आहे. अमेरिकन फुटबॉलचं हे सभ्य रूप. यात कोणी कोणाला पाडत नाही. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन फिती, आणि ज्याच्या हातात चेंडू आहे त्याची फीत ओढली की खेळी तिथेच थांबते. इथल्या शाळांत मुलांना हा खेळ शिकवतात. मुलांमागून तो आमच्या घरांत शिरला, मग मुलांना कंटाळा आला आणि आईबाप अडकले. संघाचं नाव हिगाशी-कसाई मावळे. नदीकाठच्या मैदानावरच्या लीगमध्ये सहा संघ आहेत आणि आम्ही सलग दोन वर्षं सहावे आलो आहोत.

लीगचा नियम असा, की सलग तीन वर्षं शेवटचा आलेला संघ बाहेर. त्याचं रविवार सकाळचं मैदान प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या संघाला मिळतं. हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण त्या मैदानाच्या कडेला निळ्या ताडपत्रीवर आमचं अख्खं गाव बसतं. नुकतीच लग्न होऊन आलेली, आठवडाभर भिंतींशी बोललेली मुलगी तिथे तोंड उघडते. काकांची नात घरी आजीला जपानीत उत्तरं देते, पण त्या मैदानावर ती "अरे पळ ना माठ्या!" असं निर्दोष मराठीत ओरडते. मी स्वतः इचिकावात एकटी राहते. जपानात पहिले चार महिने मी ज्यांच्याशी बोलले त्यांत माणसांपेक्षा उपकरणं जास्त होती. ती ताडपत्री सापडल्यापासून बोलायला माणसं आहेत. ती ताडपत्री गेली तर काय, याचा विचार मी करत नाही, कारण त्याचं मोजमाप मला जमत नाही.

मोजमाप हा माझा धंदा. पुण्याहून फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून मी एका प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं तपासते. यंत्र जगाची चूक काढतं, मी यंत्राची काढते. त्यामुळे संघाची आकडेवारी ठेवण्याचं काम आपसूकच माझ्याकडे आलं, आणि दोन वर्षांच्या आकड्यांतून निघालेला निष्कर्ष स्पष्ट होता: आमच्याकडे रनिंग बॅक नाही.

रनिंग बॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन समोरच्या गर्दीतून पळणारा. कबड्डीतला चढाई करणारा समजा, फक्त याला परत यायचं नसतं. आमच्याकडे नावापुरता एक होता, जयेश. त्याची फेब्रुवारीत फुकुओकाला बदली झाली. त्याच्यामागे दुसऱ्या नंबरला बाळासाहेब. बाळासाहेब एक्कावन्न वर्षांचे. त्यांनी कॉलेजात असताना सांगलीत खो-खोची ढाल जिंकली होती, आणि त्यानंतरच्या सगळ्या काळाला ते "अलीकडे" म्हणतात. त्यांच्यामागे तिसऱ्या नंबरला कोणीही नव्हतं. ताडपत्री होती.

या विषयावर काकांच्या घरी बैठक झाली. अकरा माणसं, एक पातेलं पोहे.

"घाबरायचं कारण काय?" बाळासाहेब म्हणाले. "मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच बैठक घेतलीय," मी म्हणाले. "मागच्या मोसमात तुम्ही एकवीस वेळा चेंडू घेऊन धावलात. दर धावेला सरासरी वजा ०.४ मीटर."

"वजा म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही चेंडू घेऊन उभे राहिला असतात तर संघाचा फायदा झाला असता."

"नेत्रा, अगं मोठे आहेत ते," काका कळवळून म्हणाले.

"तेच सांगतेय मी, काका."

कुमुदिनीकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, पोह्यांवर खोबरं घालता घालता म्हणाल्या, "त्या वरदला घ्या की. रोज सकाळी सात-बेचाळीसच्या गाडीसाठी आमच्या खिडकीखालून धावत जातो."

"गाडी मिळते का त्याला?" मी विचारलं.

काकूंनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. मग सावकाश चालत परत येतो."

मंडळाच्या व्हॉट्सॲप गटाचा हाच दर्जा. 'मावळे – फक्त खेळाविषयी' नावाच्या त्या गटात एकाहत्तर सभासद आहेत, त्यांतले नऊ खेळतात आणि बासष्ट निवड करतात. कोणी म्हणे दोन रनिंग बॅक हवेत, कोणी म्हणे चार. एकाने लिहिलं की मुळात धावायचंच कशाला, चेंडू फेका. एक गृहस्थ संघबांधणीवर रोज पानभर लिहीत. तिसऱ्या आठवड्यात कळलं की ते पाच वर्षांपूर्वी नाशिकला परत गेले आहेत.

खरा उपाय एकच होता: ड्राफ्ट. लीगमध्ये नव्याने नाव नोंदवणाऱ्या खेळाडूला स्वतःचा संघ निवडता येत नाही. मार्चमध्ये सहा कर्णधार एकत्र बसतात, प्रत्येक जण आपल्याला हव्या त्या एका खेळाडूचं नाव लिहून बंद पाकिटात देतो. एकाच नावावर दोन-तीन संघांनी बोट ठेवलं तर चिठ्ठ्या टाकतात. लाल गोल असलेली चिठ्ठी ज्याला मिळेल, खेळाडू त्याचा. बाकीच्यांनी दुसरं नाव लिहायचं. यंदा नवे खेळाडू अकरा होते. बाकीचे संघ त्यांचे फोटो बघून अंदाजाने नावं लिहितात, हे मला ठाऊक होतं. मी मोजायचं ठरवलं.

नवे खेळाडू तीन शनिवार मैदानावर सराव करणार होते. तिथे बसून मोजायला दंडावर पिवळी पट्टी लागते. पट्टीसाठी लीगच्या सचिवांकडे, मोरिता-सान यांच्याकडे अर्ज करावा लागतो. अर्जात 'उद्देश' असा रकाना होता. मी लिहिलं, "बघणे." अर्ज परत आला. बघणाऱ्यांना पट्टी देण्याची तरतूद नाही. मी लिहिलं, "मोजणे." पुन्हा परत, मोजण्याचं काम मैदान देखभाल समितीचं आहे, ती गवताची उंची मोजते. तिसऱ्यांदा मी लिहिलं, "निरीक्षण." मोरिता-सान आनंदाने उभे राहिले, शिक्का उमटवला आणि दोन्ही हातांनी मला पट्टी दिली. पट्टीवर लिहिलं होतं: 'बघणारे'.

तीन शनिवार मी नदीवरच्या वाऱ्यात बसले. पहिल्या शनिवारी वारा ताशी तेवीस किलोमीटर, दुसऱ्या शनिवारी सर्दी. अकरा जणांच्या वीस मीटरच्या धावा मी प्रत्येकी सहा वेळा मोजल्या, स्वतःच्या अंगठ्याला घड्याळ दाबायला होणारा उशीर वजा केला, वाऱ्याची दुरुस्ती केली. वळताना कोणाचा वेग किती पडतो, कोणाच्या हातातून चेंडू सुटतो, सगळं लिहिलं. आणि हायासे-सान सापडले. पंचवीस वर्षांचा, चष्मा लावणारा, फोटोत ग्रंथपाल वाटावा असा माणूस. वीस मीटर २.९१ सेकंदांत! वळताना वेगात घट जवळजवळ शून्य. फोटो बघून त्यांना कोणीही घेतलं नसतं. जगात त्यांची किंमत फक्त मला माहीत होती. विज्ञानात असा क्षण आयुष्यात एकदा येतो असं म्हणतात. माझा पिवळी पट्टी लावून, नाक पुसत आला.

मी एक ते अकरा क्रमवार यादी केली, रंगीत छापली आणि एकच प्रत काकांच्या हातात दिली. कर्णधार तेच होते. खेळत नव्हते, पण सर्वानुमते होते.

"काका, हे कोणाला दाखवायचं नाही."

"छे, छे," काका म्हणाले. यादी बघून त्यांचे डोळे भरून आले. "किती काम केलंस गं पोरी."

ड्राफ्टच्या सकाळी आम्ही तिघं, काका, काकू आणि मी, लीगच्या सभागृहाकडे चालत निघालो. काका प्रसन्न होते.

"आज काही अडचण येणार नाही बघ," ते म्हणाले. "मी सगळ्यांशी आधीच बोलून ठेवलंय."

मी थांबले. "सगळ्यांशी म्हणजे?"

"पाचही कर्णधारांशी. एकेकाच्या घरी जाऊन आलो. सोबत बेसनाचे लाडू नेले होते. आमचा विचार हायासे-सानना घेण्याचा आहे, म्हटलं, आपली काही हरकत? कोणाचीच नव्हती."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जपानी ऑफिसात कुठलाही प्रस्ताव बैठकीत एकदम मांडत नाहीत. आधी एकेकाला गाठून, समजावून, संमती मिळवतात. मग बैठक फक्त माना हलवायला भरते. याला नेमावाशी म्हणतात. काका या कलेत इतके पारंगत आहेत की त्यांच्या ऑफिसातले जपानी लोक नव्या मुलांना त्यांच्याकडे शिकायला पाठवतात. एकोणीस वर्षांत त्यांच्या एकाही बैठकीत कोणाला कधी आश्चर्याचा धक्का बसलेला नाही. आणि हा माणूस बंद पाकिटांच्या, गुप्त निवडीच्या ड्राफ्टची नेमावाशी करून आला होता.

"काका," मी म्हणाले. माझा आवाज ०.५ पट्टीने वर गेला होता. "यादी दाखवलीत?"

"नुसती दाखवून काय उपयोग? प्रत्येकाला एकेक प्रत दिली. रंगीत. तुझ्या कामाचं फार कौतुक झालं. ते वाऱ्याचं गणित तर तोकिता-सान दोनदा वाचत होते."

"अहो!" काकू रस्त्यातच ओरडल्या. "भाजीवाल्याला आपण कधी सांगतो का, की हा भोपळा फार चांगला आहे म्हणून?"

"भाजीवाल्याची गोष्ट वेगळी. हे सहकारी आहेत."

पुढचे साडेचारशे मीटर मी पावलं मोजत चालले.

सभागृहात मोरिता-सानांनी सहा पाकिटं फोडली. पहिल्यात हायासे. दुसऱ्यात हायासे. तिसऱ्या-चौथ्यात हायासे. पाचव्यात हायासे, आणि खाली कंसात "२.९१". सहावं आमचं. लीगच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. कोपऱ्यात नव्या खेळाडूंच्या रांगेत बसलेल्या हायासे-साननी चष्मा काढून पुसला.

चिठ्ठ्यांची पेटी आली. सहा घड्या. जिंकण्याची शक्यता १६.७ टक्के, आदल्या दिवशी ती शंभर होती, हे मी वहीत लिहून ठेवलं. एकेक कर्णधाराने चिठ्ठी उचलली. काकांनी त्यांची उघडली, चष्मा वर केला, आणि माझ्याकडे फिरवली.

लाल गोल!

काकू किंचाळल्या. मी काकांना माफ केलं. पूर्ण माफ केलं, मागच्या दोन वर्षांसकट. ती माफी एकूण सहा सेकंद टिकली.

शेजारच्या खुर्चीवर तोकिता-सान होते. वय एकाहत्तर, पांढऱ्या जर्सीवाल्या संघाचे कर्णधार. ते उठले, काकांना वाकून म्हणाले, "अभिनंदन. माझं हे शेवटचं वर्ष. असा पळणारा एकदा संघात असावा असं फार वाटत होतं. पण असो."

हे 'असो' जपानी शिष्टाचारात नुसता सुस्कारा सोडण्यासारखं असतं. त्यावर वाकायचं आणि बसायचं. काका वाकले. मग सरळ झाले, आणि मी बघत असताना त्यांचा उजवा हात चिठ्ठीसकट पुढे गेला.

"दोझो," काका म्हणाले. घ्या.

"छे, छे, भलतंच," तोकिता-सान घाबरून म्हणाले.

"नाही, घ्याच."

"मुळीच नाही. चिठ्ठी आपली आहे."

"एकदा माझ्यासाठी घ्या!"

पंगतीत जिलबीचा आग्रह करतात तसा माझे काका रनिंग बॅकचा आग्रह करत होते. तोकिता-सान हात जोडून मागे सरकत होते, काका पुढे. एकदा चिठ्ठी त्यांच्या हातात गेली, त्यांनी ती टेबलावर ठेवली. काकांनी उचलून त्यांच्या खिशात घातली. त्यांनी काढून काकांच्या चहाच्या बशीत ठेवली. मी "काका! काका!" करत होते. काकूंनी कपाळाला हात लावला होता.

मोरिता-सानांनी घसा खाकरला. नियम नऊ: चिठ्ठी मिळालेल्या संघाने तीन मिनिटांत उभं राहून स्वतःचं नाव जाहीर करायचं, नाहीतर चिठ्ठी बाद आणि त्या संघाला वगळून सोडत पुन्हा. तीन मिनिटं अकरा सेकंद झाली होती. आपल्याला अतिशय वाईट वाटतंय, असं ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांना वाटत होतं.

दुसरी सोडत निळ्या जर्सीवाल्यांनी जिंकली. गेल्या वर्षीचे विजेते. त्यांचा कर्णधार नाव जाहीर करायला इतक्या घाईने उठला की खुर्ची पडली. तोकिता-सानांनाही काही मिळालं नाही.

मग मी बोलले. उभी राहून, मराठीत, मोठ्याने. सभागृहात पस्तीस माणसं होती, त्यांतल्या दोघांना शब्द कळले आणि सगळ्यांना अर्थ.

"का दिलीत? सांगा ना, का दिलीत?"

"अगं, म्हातारा माणूस. आणि नेत्रा, हळू बोल. आपण पाहुणे आहोत इथे."

"पाहुणे?" मी म्हणाले. "एकोणीस वर्षं कर भरताय तुम्ही. तुमच्या इमारतीच्या कचऱ्याच्या वेळापत्रकावर तुमची सही असते. तुमची नात इथे जन्मली. पाहुणा एकोणीस वर्षं राहत नाही, काका! दर वर्षी शेवटचे येतो आपण, आणि दर वर्षी तुम्ही जिंकणाऱ्यांना लाडू वाटता. उद्या ते मैदान काढून घेतील तेव्हासुद्धा तुम्ही ताडपत्री घडी करून त्यांच्या हातात द्याल, दोझो म्हणून. एकदा तरी म्हणा ना, हे आमचं आहे. एकदा!"

काकांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता, आणि पाहिला नसता तर बरं झालं असतं.

"बरोबर बोलतेय ती," काकू हळूच म्हणाल्या.

मोरिता-साननी दुसऱ्या फेरीचे कागद वाटले. काकांनी आमचा कागद माझ्याकडे सरकवला. "तू सांग. कोणाचं लिहू?"

"मी नाही सांगणार. तुम्हीच लिहा," मी म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर सायकलींची रांग होती. मी त्या मोजल्या. चौतीस.

पाठीमागे पाकिटं फुटायला लागली. तिघांनी यादीतला दुसरा मागितला. मग काळ्या जर्सीवाल्या संघाचं पाकीट: इवामोतो. मग आमचं: इवामोतो.

मी गर्रकन वळले. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "मघाशी दारात त्यांनी मला चपला दिल्या," ते कुजबुजले. "फार चांगला माणूस वाटला."

इवामोतो-सान एकशे बारा किलोंचे आहेत. काळ्या संघाला ते हवे होते यात नवल नाही. त्यांना मध्ये उभा राहून चेंडू मागे देणारा माणूस हवा होता, आणि उभं राहण्यात इवामोतो-सानना तोड नाही. वीस मीटरच्या सहा धावांपैकी त्यांनी चार पूर्ण केल्या होत्या.

दोनच संघ, दोनच चिठ्ठ्या. काळ्या संघाच्या कर्णधार बाईंनी उघडली, कोरी होती. काकांच्या चिठ्ठीवर लाल गोल. एका माणसाला एका दिवसात दोन लाल गोल मिळण्याची शक्यता ८.३ टक्के असते.

बाई उठून काकांसमोर आल्या, खूप खाली वाकल्या. आमच्याकडे मध्ये उभं राहायला कोणीच नाही, त्या म्हणाल्या. गेल्या मोसमात माझ्या नवऱ्याने केलं, त्याची पाठ गेली. काही होऊ शकेल का?

काकांचा हात टेबलावरून उचलला गेला.

द्या, मी मनात म्हणाले. द्या, काका. दोझो म्हणा. आयुष्यभर ज्याला त्याला देत आलात, आता एकदा शेवटचं द्या. पण हे तोंडाने कसं म्हणणार? चार मिनिटांपूर्वी याच जागी उभं राहून मी काय म्हणाले होते ते पस्तीस माणसांनी ऐकलं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. मी तोंड मिटलं.

काकांचा हात छातीशी परत आला. मूठ चिठ्ठीवर घट्ट मिटली.

"नाही," ते जपानीत म्हणाले. आधी क्षमा नाही, नंतर स्पष्टीकरण नाही. एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द एवढा मोकळा बाहेर पडला नसावा, कारण पडल्यावर ते स्वतःच दचकले. मग ते उभे राहिले आणि छत हलेल अशा आवाजात म्हणाले, "हिगाशी-कसाई मावळे! इवामोतो-सान आमचे आहेत!"

पहिल्यांदा टाळी वाजवली ती तोकिता-साननी. मग सगळ्यांनी. कर्णधार बाईंनीसुद्धा. काकू रडत होत्या.

काका खाली बसले. त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते तीस वर्षांनी लहान दिसत होते. ते माझ्याकडे झुकले.

"कितवा आहे गं हा? तुझ्या यादीत?"

"अकरावा," मी म्हणाले.

"अकरावा." त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे अगदी वाईट नाही."

"एकूण किती होते?" काकूंनी डोळे पुसत विचारलं.

मी वही मिटली. "अकरा."

तेवढ्यात इवामोतो-सान आमच्या टेबलाशी आले, कमरेत वाकले आणि आपल्याला नेमकं काय करायचं आहे, असं विचारलं. काकांनी त्यांना सांगितलं, चेंडू घेऊन पळायचं. इवामोतो-साननी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सभागृहाच्या दाराकडे. दार साधारण वीस मीटरवर होतं.